नेब्रिसच्या घरचा बाहुला

आमच्या बदकांच्या चौकात कोणाचा भरवसा धरू नये, असं मी नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या पेल्याबरोबरच सांगून टाकते. माझाही धरू नये. दारूत गरम पाणी किती घालते ते मी माझ्या नवऱ्यालासुद्धा कधी कळू दिलं नाही, आणि तो बिचारा मरेपर्यंत विचारत होता.

माझं दुकान अगदी कोपऱ्यावर. दगडी ओट्यात रांजण बसवलेले. एकात चणे, एकात मसूर, बाकीच्यांत दारू. समोर चौकातल्या देवांचं बुटकं देऊळ आणि देवळाला खेटून नेब्रिसचं लोकरीचं दुकान. ओट्यामागे उभं राहिलं की सगळं रोम काही दिसत नाही, पण आपल्याला हवं तेवढं दिसतं. लोक मला भोचक म्हणतात. आहेच मी भोचक. नसते तर नेब्रिसची गोष्ट सांगायला कोणी उरलं नसतं, कारण ती स्वतः तोंड उघडणाऱ्यांतली नव्हती.

नेब्रिस गुलाम म्हणून जन्मली, एका विणकरणीच्या घरात. मालकिणीने मरताना तिला मोकळं केलं आणि लोकर तोलायचा काटा तिच्या हवाली केला. मेंढपाळांकडून कच्ची लोकर घ्यायची, धुवायची, पिंजायची, गल्लीतल्या बायकांना तोलून कातायला द्यायची, सूत तोलून परत घ्यायचं. हात कायम लोकरीच्या तेलाने मऊ आणि अंगाला मेंढीचा वास. देखणी म्हणावी अशी नव्हती. पण भाव करताना तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. मेंढपाळाला तोंडावर सांगायची, "याहून चांगली लोकर काल पुलापाशी निम्म्या भावात बघितली." पुलापाशी ती महिन्यात फिरकलेली नसायची. पण पापणी हलायची नाही की आवाज चढायचा नाही. मेंढपाळ मुकाट्याने भाव उतरवायचा. मी तिला म्हणायचे, "अगं, तुझं खोटं ऐकलं की मला खरं बोलणाऱ्यांचाच संशय यायला लागतो."

घरात ती, तिची म्हातारी मावशी प्लोटिस आणि कातायला दोन गुलाम पोरी. वर माळ्यावर एक खोली होती, ती भाड्याने द्यायची. त्याच खोलीत लिबो राहायला आला.

तेव्हाच्या सम्राटाला पाण्याच्या पेल्यातही कट दिसायचा. लिबोचं घराणं मोठं, सम्राटाच्याच नात्यातलं, म्हणून पहिल्यांदा त्याच्या बापाचा गळा आवळला. आईने मुलाला एका म्हाताऱ्या नोकराबरोबर आमच्या गल्लीत लपवलं. नोकर पहिल्याच थंडीत मेला. राहिला हा एकटा, काडीसारखा पोरगा, मान डावीकडे कललेली. मान तशी का, तर कायम जिन्याकडे कान लावून असायचा. पाऊल वाजलं की तोंडातला घास तोंडातच. तो मला बिलकूल आवडला नव्हता. पळून आलेला माणूस आपल्याबरोबर चार जणांना घेऊन बुडतो, असं मी नेब्रिसला स्पष्ट सांगितलं.

"जेवतो किती थोडं," ती म्हणाली. मी काय सांगत होते आणि हिचं लक्ष कुठे!

रिकामा बसला की तो नखं कुरतडायचा, म्हणून तिने त्याला गोण्या शिवायला बसवलं. ग्रीक फाडफाड बोलणारा मुलगा, पण टाका घालायचा तर बोटभर लांब. वर शेवटी गाठ न मारताच दाताने दोरा तोडायचा. नेब्रिसचं ओरडणं मला इथपर्यंत ऐकू यायचं.

"लिबो, गाठ! गाठ मारल्याशिवाय दोरा तोडू नकोस म्हणून किती वेळा सांगू? सगळी लोकर रस्त्यात सांडेल."

"तू आहेस ना मारायला," तो म्हणायचा.

आणि ती मारायचीही. त्याच्या मांडीवरची गोणी आपल्या मांडीवर ओढून. त्यांचं काय चाललंय हे मला तेव्हाच कळलं. माझा नवरा मात्र, ती पोराला शिवण शिकवतेय, असंच शेवटपर्यंत समजत होता.

मग एका सकाळी शिपाई आले. भाले, ढाली, गल्ली भरून. नेब्रिस दारातल्या एका फुगलेल्या गोणीवर बसून लोकरीतले काटे वेचत होती. मी इथून बघत होते आणि माझी पाचावर धारण बसली होती, कारण त्या गोणीत काय आहे ते मी तिला भरताना पाहिलं होतं.

"लिबो कुठाय?" पुढच्या शिपायाने विचारलं.

"या घरात पुरुष नाही," नेब्रिस म्हणाली. पापणी हलली नाही. "आम्ही कातणाऱ्या बायका. लोकर हवी असेल तर सांगा."

"मग राहिलं," शिपाई म्हणाला. "सम्राट पहाटे गेला. त्या घराण्यातला एवढा एकच उरलाय म्हणून फौजेने त्याला सम्राट म्हणून निवडलाय. दुसरा शोधावा लागणार."

तेव्हा गोणी शिंकली.

शिवण उसवून त्याला बाहेर काढलं आणि तसाच ढालीवर बसवून नेला. केसांत लोकर, तोंडावर लोकर. आमचा चौक पोट धरधरून हसला, अर्थात आधी दारं लावून घेऊन.

आता तुम्ही म्हणाल, नेब्रिसचं नशीब फळफळलं. चौकातल्या बायकाही तेच म्हणत होत्या आणि जळून खाक होत होत्या. पण राज्य मिळालं म्हणून माणसाचं जिन्याकडे लागलेलं लक्ष सुटत नाही. उलट तिकडे राजवाड्यात जिने जास्त. त्याने आपल्या खोलीची दारं काढून टाकली, दारामागे कोणी उभं राहू नये म्हणून. जेवण चाखायला माणसं ठेवली, मग चाखणाऱ्यांवर नजर ठेवायला माणसं ठेवली. शेवटी कवचातून येतं तेवढंच खायला लागला: अंडी आणि अक्रोड. तीही स्वतः सोलून, आणि टरफलांचा चुरा करून, कोणी त्यांच्यावर मंत्र टाकू नये म्हणून.

नेब्रिस दर बाजाराच्या दिवशी टेकडीवर राजवाड्यात जायची. वाड्याच्या फाटकात तिचे केस सोडून तपासायचे.

"केसांत हात घालून शोधतात आणि तू परत जातेस?" मी एकदा भडकले. "काही लाजबीज?"

"त्याला झोप लागत नाही गं. मी शेजारी बसून सूत कातलं की लागते."

"चाती आत नेऊ देतात?"

"कुठली! टोकदार असते ना. नुसती बोटं हलवते. त्यालाही पुरतं."

त्या दिवशीच तिने मला दुसरी गोष्ट सांगितली. त्याने तिला विचारलं होतं, "त्या दिवशी गोणीवर बसून तू इतकं सहज कसं बोललीस? आत बसून मला क्षणभर खरंच वाटलं की मी नाहीच." ती म्हणाली, तुला वाचवायला बोलले. "ते मला कळतं," तो म्हणाला. "पण आता तू कधी खोटं बोलतेस हे मला कसं कळणार?"

ज्या खोट्याने त्याचा जीव वाचला, तेच त्याच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. मला त्याचा राग आला. अजूनही येतो.

थंडीत आमच्या चौकातल्या देवांचा सण असतो. संध्याकाळी प्रत्येक घराने देवळाला लोकरीच्या बाहुल्या टांगायच्या. घरात जितकी मोकळी माणसं तितक्या बाहुल्या, पुरुषाचा बाहुला, बाईची बाहुली. गुलामांसाठी नुसते लोकरीचे गोळे. जमिनीखालच्या देवीला दर वर्षी माणसं लागतात. ती येते, टांगलेलं बघते, तेवढ्यावर समाधान मानते आणि घरातल्यांना सोडते. सण संपेपर्यंत टांगलेल्याला हात लावायचा नाही, आणि कोणती बाहुली कोणाची हे तोंडाने बोलायचं नाही. नाव ऐकू गेलं की देवी लोकर सोडून माणसाला शोधत येते.

नेब्रिसच्या घरचे गोळे दोन, बाहुल्या दोन. पण लिबो माळ्यावर राहायला आला त्या थंडीपासून तिसरा एक बाहुलाही असायचा, मान डावीकडे किंचित कललेली. तो राजवाड्यात गेल्यावरही ती दर वर्षी नवा करून टांगतच राहिली. मला माहीत होतं, मी कधी विचारलं नाही. त्याला स्वतःला मात्र याचा पत्ता नव्हता. मोठ्या घरांत हे सगळं कारभाऱ्याची बायको बघते, मालकांचे हात लोकरीला लागत नाहीत.

त्या वर्षी मात्र मी तिला अडवलं. थोड्याच दिवसांपूर्वी एका सरदाराच्या पेटीत सम्राटाची मेणाची मूर्ती सापडली होती. जादूटोणा म्हणून त्याचं मुंडकं उडवलं होतं.

"या वर्षी नको टांगूस," मी म्हणाले. "सम्राटाचा बाहुला, तोही दोरीने, तोही खालच्या देवीपुढे. कोणी ओळखलं तर तुझं मढं नदीत जाईल."

"मी नाही टांगला तर कोण टांगणार?" तिने विचारलं. "वर राजवाड्यात इतकी माणसं आहेत. त्याला आपल्या घरात धरणारं एक तरी आहे का?"

तिने टांगला.

आता केलादोची ओळख करून देते, नाहीतर नको त्याच्यावर तुम्ही भलताच विश्वास टाकाल. सुगंधी तेलं विकायचा. मूळचा आमच्यासारखाच सुटलेला गुलाम. त्या वर्षी चौकाचा प्रमुख म्हणून त्याची निवड झाली होती, म्हणजे सणापुरता काठाचा झगा घालायला मिळतो आणि पुढे दोन माणसं दांडे घेऊन चालतात. तेवढ्यात केलादोचे पाय जमिनीला लागेनात. टांगल्याच्या दुसऱ्या सकाळी तो देवळापुढे उभा राहून बोटांवर बाहुल्या मोजत होता. मग माझ्याकडे आला.

"हिलारा, नेब्रिसकडे पुरुष कोण आहे गं?"

"तूच असशील. तिच्या दारावरून रोज उगाच कोण फेऱ्या घालतं?"

"थट्टा नाही. बाया दोन, बाहुल्या दोन. वर बाहुला कशाला?"

"पोरींनी खेळायला केला असेल. तुला काय करायचंय? झगा सांभाळ, मातीत लोळतोय."

"चौकाचा प्रमुख आहे मी. मला सगळं करायचंय," असं म्हणून तो टेकडीच्या दिशेने चालता झाला.

त्या दिवसांत मुर्कस नावाचा एक सरदार फरार होता. सम्राटाला मारायचा कट त्याने केला, असं गल्लोगल्ली ओरडून सांगितलं जात होतं. कोणाच्या घरात अनोळखी पुरुष दिसला की तो मुर्कसच. दुपार व्हायच्या आत शिपाई आले आणि नेब्रिसच्या एकूण एक गोणीत भाले खुपसले. पोरी रडत होत्या, प्लोटिस मावशी शिव्या घालत होती. पुरुष काही सापडला नाही. पण न सापडण्याने संशय जातो थोडाच! आधीच कुठेतरी हलवला, असं ठरलं.

आणि मग तो स्वतः आला. दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. बंद पालखी माझ्या दुकानापुढे थांबली. पहाऱ्याचा सरदार स्केवा त्याच्या खांद्याला खांदा लावून चालत होता. लिबो म्हातारा दिसत होता. अजून वय ते काय, पण गाल बसलेले, डोळे लाल. मान मात्र तशीच, डावीकडे.

माझ्या बाकावर बसला. मी ओळखीची आहे असं त्याने दाखवलं नाही. "अंडं आहे?"

"आहे, मालक."

त्याच्यासमोर उकडलं. त्याने स्वतः सोललं आणि टरफलं चमच्याने चुरली. नेब्रिसला समोर आणून उभं केलं होतं, तिच्याकडे बघितलंही नाही.

तेवढ्यात प्लोटिस मावशी दारात आली. तिला अर्धवट दिसायचं, पण आवाजावरून ओळखायची. "लिबो, अरे किती वाळलास रे! तिथे जेवायला घालत नाहीत का?"

स्केवाचा हात तलवारीवर गेला. पालखीमागून आलेल्या केलादोने डोळेच मिटून घेतले. लिबोच्या ओठाचा कोपरा जरा हलला, हसणार होता बहुतेक. पण हसला नाही.

"तो बाहुला कोणाचा?" त्याने अंड्याकडे बघतच विचारलं.

नेब्रिस बोटांवरची लोकर वेचत राहिली.

"मुर्कसचा?"

"मुर्कस कोण ते मला ठाऊक नाही, मालक."

"मग कोणाचा?"

खरं सांगावं तर सम्राटावर करणी केली म्हणून स्केवा तिथल्या तिथे मान कापणार. ऐकायला चौकभर साक्षीदार होते. खरं सांगू नये तर घरात माणूस लपवला म्हणून मरायचं. वर बाहुल्याचं नाव घेतलं की लिबोची राखण संपली. मी नेब्रिसच्या तोंडाकडे बघत होते. मेंढपाळाशी बोलतानाचा चेहरा तिने चढवला.

"या घरात पुरुष नाही," ती म्हणाली.

तेच शब्द, तोच आवाज. लिबोने पहिल्यांदा वर बघितलं.

"असंच म्हणाली होतीस," तो म्हणाला. "तेव्हा गोणीत माणूस होता."

"होता."

"जिवापाड जपायचा असला की तू अशी बोलतेस. मी आत बसून ऐकलंय. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला तुझं हे खोटं ओळखता येणार नाही, नेब्रिस. सांग. तो कोण?"

मला ओरडावंसं वाटत होतं, अरे गाढवा, गोणीतलाच माणूस! दुसरा कुठून आणणार आहे ती? पण स्केवा माझ्याकडेच बघत होता. मी चणे ढवळत राहिले.

लिबो उठला. देवळापाशी गेला आणि बाहुल्याला हात घातला.

तेव्हा नेब्रिसचा चेहरा पहिल्यांदा मोडला. ती धावली, शिपायांनी धरली तशी गुडघ्यांवर कोसळली. "नको! तो काढू नका, मालक! मला न्या, घर जाळा, हवं ते करा. सण बाजाराच्या दिवशी संपतोय. तेवढा तिथेच राहू द्या, पाया पडते!"

तो तिच्याकडे बघत राहिला. "स्वतःसाठी तू कधी रडली नाहीस," तो म्हणाला. "माझ्यासाठी रडताना मी तुला पाहिलं नाही. याच्यासाठी रडतेस."

आणि त्याने दोरी हिसडून तोडली. बाहुला हातात घट्ट धरून पालखीत बसला. ज्याच्या बदल्यात तो टांगला होता, तोच स्वतःच्या हाताने उतरवून घेऊन गेला. चौकात हे कळणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

नेब्रिसला वर माळ्यावर कोंडलं, त्याच खोलीत. बाजाराच्या दिवसापर्यंत नाव सांगितलं नाही तर मुर्कसची साथीदार म्हणून मारणार, असा हुकूम. दाराशी पहारा. मी खिडकीखाली उभी राहायचे, ती दोरीने टोपली सोडायची, मी मसुराचं मडकं ठेवायचे. पहारेकऱ्यालाही एक मडकं द्यावं लागायचं. फुकट कोणी आंधळं होत नाही.

"वेडे, त्याच्या कानात सांगायचं होतंस!" मी पहिल्याच दिवशी बोलले.

"हातभर अंतरावर येऊ देतो का कोणाला? आणि स्केवाने ऐकलं असतं तर लिबोलाही मला सोडता आलं नसतं. सोडलं असतं तर उद्या सगळे म्हणाले असते, सम्राटच करणी करणाऱ्यांना पाठीशी घालतो. त्या स्केवाची नजर मला सरळ वाटत नाही, हिलारा."

"मग आता?"

"आता काय! मान बघितली नाही त्याने बाहुल्याची. किती नीट कलवली होती."

खिडकीतून मला ती दिसत नव्हती, नुसता आवाज यायचा. त्या दिवशी तो आवाज फुटला. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं आणि मसुरात पडलं.

बाजाराचा दिवस उजाडला. मी दुकान उघडलंच नाही, ओट्यामागे बसून टेकडीकडे डोळे लावले. तिला न्यायला कोणी आलं नाही. दुपारी पळापळ झाली. माणसं रस्त्याने ओरडत गेली, सम्राट मेला म्हणून. स्केवाच्या माणसांनी जिन्यावर गाठला. त्याच्या सगळ्या खोल्यांची दारं काढलेली, त्यामुळे पळताना एक दार लावून घ्यायचं म्हटलं तरी दार नव्हतं. थोड्या वेळात केलादो चौकात उभा राहून नव्या सम्राटाचं नाव घेत नाचायला लागला. नाव नीट उच्चारताही येत नव्हतं मेल्याला.

नेब्रिसच्या दाराचा पहारा केव्हाच पळाला होता. मी खलातला बत्ता घेऊन कुलूप फोडलं. ती खोलीत भिंतीला टेकून बसली होती आणि बोटं हलवत होती, हातात चाती नसताना. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बातो आला. राजवाड्यातल्या पहाऱ्याचा शिपाई, मूळचा पूर्वेकडच्या डोंगरातला, माझं जुनं गिऱ्हाईक. अंगावर शिपायाचा पट्टा नव्हता. चेहरा पडलेला.

"मावशी, पाणी न घालता दे."

"काय झालं?"

त्याने सदऱ्यातून बाहुला काढला आणि ओट्यावर ठेवला. मी चटकन त्याच्यावर फडकं टाकलं.

"हा तुझ्याकडे कसा?"

"त्याने दिला. बाजाराच्या आदल्या सकाळी. सगळ्यांना बाहेर काढलं, मला एकट्याला ठेवलं आणि म्हणाला, बातो, हा बदकांच्या चौकात जाऊन टांग. माझं नाव घेऊ नकोस, कोणाला दिसू नकोस, आणि लोकरवालीचं दार उघड."

"आदल्या सकाळी?" माझा आवाज चढला. "मग तू काल कुठे होतास? मेला होतास?"

"मावशी, तुला तिथलं माहीत नाही! तो असल्या परीक्षा घ्यायचा. एकाला सांगायचा, ही बाटली अमक्याच्या दारूत ओत. बाटलीत नुसतं पाणी. त्या माणसाने ओतली तर तो खुनी, नाही ओतली तर हुकूम मोडला. मला वाटलं मलाही तसंच बघतोय. बाहुला घेऊन फाटकातून निघालो आणि स्केवाने झडती घेतली तर? म्हणून सदऱ्यात दडवला. म्हटलं, खरंच हवं असेल तर परत विचारेल." त्याने पेला तोंडाला लावला, पण पिता आलं नाही. "परत विचारायला तो राहिलाच नाही."

त्या माणसाने सगळ्यांना संशय शिकवला होता. बातो चांगला शिकला होता, एवढंच.

नेब्रिस माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. तिने फडकं उचललं. बाहुल्याची छाती फाडून परत शिवलेली होती. आत काय दडवलंय ते त्याने उसवून बघितलं होतं.

"आत काय होतं?" मी विचारलं.

"गोणीचा तुकडा," ती म्हणाली. "त्याच गोणीचा. शिवण उसवताना शिपायांनी फाडली होती, मी ठेवून दिली होती. तेव्हापासून दर वर्षी त्यातलाच एक तुकडा घालायची. त्याचे स्वतःचे टाके आहेत त्याच्यावर."

म्हणजे त्याला कळलं होतं. आपल्याच हातचे वाकडे टाके त्याने ओळखले होते, आणि मग सुई मागवून बाहुला परत मिटवला होता. सम्राटाच्या खोलीत सुई आत येऊ देत नसत. ती त्याने कोणाकडून मागितली असेल, कोण जाणे.

नेब्रिस अंगठ्याने शिवण चाचपत होती. टाके बोटभर लांब. शेवटी दोरा दाताने तोडलेला, टोक तसंच लोंबत होतं.

"बघ," ती म्हणाली, "गाठ नाही मारली. किती वेळा सांगितलं याला." आणि मग ती जी रडायला लागली, ती बातोसमोर, चौकासमोर, केलादो समोरून बघत असताना. तिला कोणाचीही पर्वा नव्हती. रडत रडतच तिने दोऱ्याचं टोक ओढून घेतलं आणि गाठ मारली. घट्ट, दोनदा.

मग पदराने तोंड पुसून तिने बातोला विचारलं, "त्याला कुठे टाकलंय?"

"जिन्याच्या खालीच आहे अजून. कोणी हात लावायला धजत नाही. नव्या सम्राटाला काय वाटेल म्हणून."

"हिलारा, दुकान लावून घे," ती म्हणाली. "आणि बातो, तू गाडी बघ एखादी. घरचा माणूस आहे, त्याला आणायला हवं."